घरच्या बाईंना पिवळं कार्ड

बत्तीस वर्षं मी पालिकेच्या शाळेत शिकवलं आणि बत्तीस वर्षांत एकाही पोराला कॉपी करू दिली नाही. परीक्षेत कुणी नुसती मान वळवली तरी माझ्या हातातला खडू सुटायचा, आणि नेम काही वाईट नव्हता माझा. अशी मी बाई, वयाच्या सासष्टाव्या वर्षी, सोफ्यावर बसून स्वतःच्या नवऱ्याला कॉपी पुरवत होते. एक दिवस नव्हे, चांगले दोन महिने. कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय म्हणायचं!

आमच्या ह्यांची नोकरी पाणीखात्यात झाली, पण पेठेत ह्यांना पाणीखात्याचे म्हणून कुणी ओळखत नाही. ओळखतात ते फुटबॉलचे पंच म्हणून. कोल्हापुरात फुटबॉल हा नुसता खेळ नाही, भांडायचं रीतसर कारण आहे. एका तालमीच्या संघातल्या पोरानं दुसऱ्या तालमीच्या पोराच्या पायात पाय घातला की दोन पेठांचं बोलणं बंद होतं. असल्या ठिकाणी ह्यांनी पंचवीस वर्षं शिट्टी वाजवली. एकदा स्वतःच्या सख्ख्या धाकट्या भावाला लाल कार्ड दाखवून मैदानाबाहेर काढलं. दीर महिनाभर आमच्या उंबऱ्याला शिवले नाहीत. सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "आरं, भाऊ हाय न्हवं त्यो तुजा?" तर हे म्हणाले, "घरात भाऊ हाय. मैदानात त्यो सात नंबर हाय."

वय झालं तसे मोठे सामने सुटले. मग तालमीनं मुलींचा संघ काढला आणि दर रविवारी सकाळी त्यांच्या सरावाच्या सामन्याला हे पंच म्हणून जायला लागले. शनिवारी संध्याकाळीच काळा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवायचे. वरच्या खिशात दोन कार्डं, एक ताकिदीचं पिवळं नि दुसरं बाहेर काढायचं लाल (दोनदा पिवळं म्हणजे लालच), खालच्या खिशात छोटी वही नि पेन्सिल, गळ्यात शिट्टी. सत्तरीतला माणूस हाफ पँटीत घराबाहेर पडताना इतका खूश असायचा की मी कधी हसले नाही. म्हणजे, फार नाही हसले.

अशाच एका रविवारी सामना संपला, मुलींनी हात मिळवले, पाणी प्यायल्या. हे चालत चालत मैदानाच्या मध्यभागी गेले, शिट्टी वाजवली आणि दोन्ही कप्तानांना टॉसला बोलावलं. मुलींना वाटलं काका चेष्टा करतात. त्या हसल्या. हे हसले नाहीत. त्यांच्या कोचनं, ती पण एकेकाळी शाळेच्या सामन्यांत ह्यांच्याच शिट्टीवर खेळलेली पोरगी, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हटलं, "काका, झाली की मॅच." तिनंच मला फोन केला. फोनवर ती रडत होती आणि मी तिलाच समजावत होते.

तपासण्या झाल्या. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी डिमेन्शिया, म्हणजे विसरायचा आजार, म्हणून सांगितलं, पण सुरुवातीचा. गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं, माणसांत राहू द्या म्हणाल्या. पुण्याहून आमची लेक आली ती एक टॅब घेऊन. त्यात मेंदूच्या सरावाचे खेळ होते, चक्क मराठीत. बरोबर आलं की एक बाई आतून "शाब्बास!" म्हणायची. बरोबर येत गेलं की खेळाची पातळी चढायची, चुकत गेलं की आठवड्यानं एखादी पायरी उतरायची. डॉक्टरीणबाईंनी टॅब बघितला आणि मला सरळ सांगितलं, "काकू, हे औषध नव्हे बरं का. आजार ह्यानं जात नाही. पण रोज अर्धा तास डोकं चालतं, मन लागतं, आणि कुठं अडतात ते आपल्याला कळतं. मार्कांकडं बघू नका."

आता शिक्षिकेला मार्कांकडं बघू नका म्हणायचं म्हणजे मांजराला दुधाकडं बघू नको म्हणण्यातलाच प्रकार. त्यातून मार्कांचा आलेख लेकीच्या फोनवर पुण्यात दिसायचा, आणि लेक माझ्यावर गेलेली. जाताना तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, पप्पा रविवारी जायचे ते जाऊ देत. पण हा आलेख जर खाली यायला लागला, तर शिट्टी बंद. मैदानात पडले, कुणी टाकून बोललं, मग? मला नाही सहन व्हायचं." मी बरं म्हणाले. तिचं चुकत नव्हतं. पण त्या घडीपासून माझ्या डोक्यात एकच बसलं, की मार्क गेले तर ह्यांचा रविवार गेला. आणि रविवार गेला तर सोमवार ते शनिवार हा माणूस कशासाठी उठणार?

पहिला महिना झकास गेला. चहा झाला की हे चष्मा पुसून टॅब घेऊन बसायचे, शेजारी मी भाजी निवडत. जोड्या लावायचा खेळ ह्यांना बायकी वाटायचा, पण एक खेळ जीव की प्राण. पडद्याच्या मधोमध चेंडू नाहीतर फूल चमकायचं, त्याच क्षणी डाव्या नाहीतर उजव्या कडेला एक पक्षी दिसायचा, आणि पापणी लवायच्या आत सगळं गायब. मध्ये काय होतं नि पक्षी कुठल्या बाजूला होता, दोन्ही सांगायचं. पहिल्याच दिवशी हे मांडीवर थाप मारून म्हणाले, "आयला! हे तर लाइनमनच्या झेंड्याचं हाय की, बाई! डोळा चेंडूवर ठेवायचा आन् झेंडा कडंनं बघायचा. पंचवीस वर्सं दुसरं काय केलं मी?" मला हे लग्नापासून बाईच म्हणतात. शाळेतली पोरं म्हणायची म्हणून चेष्टेत सुरू केलं ते कायमचं चिकटलं.

मग एक आठवडा वाईट आला. ह्यांना ताप येऊन गेला होता, झोप नीट नव्हती. पक्षी दिसेना. चार दिवसांत आलेख खाली आला आणि पाचव्या दिवशी पुण्याहून फोन. "आई, बघतेयस ना? रविवारचं ठरवायला पाहिजे." मी म्हटलं, "ताप होता गं." ती म्हणाली, "आई, ताप जाऊन तीन दिवस झाले."

दुसऱ्या दिवशी मी मेथी निवडत शेजारी बसले होते. पक्षी उजवीकडं चमकला, मला स्पष्ट दिसला. ह्यांचं बोट हवेतच थांबलं. माझा हात नकळत हलला, बांगड्या वाजल्या, आणि ह्यांचं बोट उजवीकडं गेलं. "शाब्बास!" आतली बाई ओरडली. हे माझ्याकडं बघून असे काही हसले की माझ्यातली बत्तीस वर्षांची शिक्षिका तिथल्या तिथं गार पडली.

मग काय, पाप एकदा पचलं की भूक वाढते. डावीकडं असेल तर एकदा किणकिण, उजवीकडं असेल तर दोनदा. मी काही बोलले नाही, ह्यांनी काही विचारलं नाही. आठवड्याभरात आमची घडी अशी बसली की मेथीच्या काड्या नि पानं मी एकाच टोपल्यात टाकायला लागले. आलेख वर चढला. लेक खूश. "पप्पा, नाद खुळा!" म्हणून तिनं फोन केला. हे फोन ठेवून म्हणाले, "डोळा अजून हाय माजा." मी पातेलं घासत होते, तशीच घासत राहिले.

एक गोष्ट मात्र ह्या शहाणीच्या ध्यानात आली नाही. बरोबर येत गेलं की पातळी चढते. पोराला खोटे मार्क देऊन वरच्या वर्गात ढकलावं तसं मी ह्यांना ढकलत होते. चौथीचे हे अकरावीत जाऊन बसले. पक्षी इतका झपकन जायचा की मलाही धड दिसेना. मी अंदाजानं बांगड्या वाजवायची. हे कपाळाचा घाम पुसून म्हणायचे, "बाई, आज लई पळतंय गं हे."

त्यातच गडहिंग्लजला माझ्या धाकट्या बहिणीच्या नातीचं बारसं आलं. मी नको नको म्हणत होते, पण ती म्हणाली, "अक्का, तू आली न्हाईस तर पाळणा हलवणार न्हाई मी." डबे भरून ठेवले, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि दोन दिवसांसाठी एसटीत बसले. सरळ सांगते, तिकडं पाळण्याची दोरी हातात असताना माझं चित्त टॅबवर होतं.

परत आले तर घर शांत. टॅब पालथा घालून टेबलावर. हे खिडकीशी बसलेले, दाढी न केलेली. मी आत जाऊन टॅब उघडला. दोन्ही दिवस ह्यांनी एकट्यानं अर्धा अर्धा तास खेळून काढला होता. सगळं लाल. बरोबर आलेलं एखाददुसरं. आणि आलेख म्हणजे कड्यावरून खाली.

"जेवलात का?" मी विचारलं.

"संपलं, बाई," हे म्हणाले. "दोन दिवसांत संपलं सगळं. लेकीचा फोन आलता. काय बोलली न्हाई, नुसती रडली."

मग माझं लक्ष शिट्टीच्या खुंटीकडं गेलं. शिट्टी नव्हती. ह्यांनी सकाळी तालमीत जाऊन ती कोचच्या हातात ठेवली होती. तिनं काय झालं विचारलं तर म्हणाले होते, "ज्याला पक्षी दिसत न्हाई त्यानं पोरींच्या मॅचचा न्याय करू नये."

बाई गं! ज्या रविवारसाठी मी हा सगळा खटाटोप केला, तो रविवार मीच ह्यांच्या हातून काढून घेतला होता. करायला गेले गणपती नि झाला मारुती. मी मोरीत गेले, नळ सोडला आणि पोटभर रडले.

आधी लेकीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई. तू कॉपी केलीस?" मी हो म्हटलं. "चौथीत मी बाकावरच्या मैत्रिणीला एक शब्द सांगितला म्हणून तू मला वर्गाबाहेर उभी केली होतीस," ती म्हणाली. हसतेय की रडतेय कळेना. मग म्हणाली, "चूक माझीपण आहे. मी उगाच शिट्टी त्या आलेखाला बांधली."

डॉक्टरीणबाईंकडं मी मान खाली घालून बसले. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. "बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "एकदम एवढा उतार बघून मी पुन्हा स्कॅन करायला सांगणार होते." त्यांनी पातळी परत खाली कशी आणायची ते दाखवलं. मग विचारलं, "आणि शिट्टीचं ह्या मार्कांवर ठरवा असं कोण म्हणालं? त्यांना मैदानात काय जमतं ते मैदानात जाऊन बघा की. घरच्या टॅबवर काय कळणार?" मी मार्कांपुढं कधी बघितलंच नव्हतं हो.

राहिले हे. कुणाला घाबरायची मी नाही, पण त्या दिवशी चहाचा कप पुढं ठेवून मी दोनदा उगाच आत जाऊन आले. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. बांगड्या कशा, एकदा कधी, दोनदा कधी. हे मग हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे पक्षी मला दिसत न्हवता?"

"थोडा दिसत होता. थोडा मी..."

"मला वाटलं मलाच दिसतोय."

ह्या एका वाक्यानं माझं काळीज जसं फाटलं तसं आयुष्यात दुसऱ्या कशानं फाटलं नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर ह्यांनी हात वर केला. कपाळाला आठ्या घालून विचार करत होते. "थांब. म्हंजे मी त्या दोन दिवसांत एवढा खाली पडलो न्हाई."

"नाही हो."

"मी हुतो तितंच हाय."

"तिथंच आहात. मीच तुम्हाला उचलून वर ठेवलं होतं."

ह्यांचा चेहरा इतका निवळला की मला वाटलं, सुटले बाई, माफ केलं. कसलं माफ! हे उठले, आत गेले, काळ्या शर्टाचा खिसा चाचपून बाहेर आले. माझ्यासमोर ताठ उभे राहिले, डावा हात पाठीमागं, आणि उजव्या हातानं पिवळं कार्ड पार माझ्या डोक्यावर धरलं. मी हसायला लागले. "हसायचं न्हाई," हे म्हणाले. मग वही काढली, पेन्सिल जिभेला लावली आणि उभ्या उभ्याच लिहिलं: 'घरच्या बाई. बाहेरून खुणा. पिवळं.' खाली तारीख, वेळ.

दुसऱ्या दिवशी ह्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं. मला पुन्हा सगळं सांगायला लागणार म्हणून मी मनाची तयारी करत होते. पण ह्यांनी सवयीनं वही उघडली, वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "तुला कार्ड दिलंय म्हणं मी. काय केलंस गं?" सांगितलं. पुन्हा त्याच आठ्या, पुन्हा तोच निवळलेला चेहरा. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी वही वाचून नुसतं म्हणाले, "बांगड्या," आणि मान हलवली. तेवढं डोक्यात राहिलं होतं.

त्याच आठवड्यात मी एक शहाणपणा केला. खेळायची वेळ झाली तशी हाताला साबण लावून एकेक बांगडी उतरवली नि डब्याच्या झाकणावर ठेवली. आपल्या हाताचा भरवसा नको म्हणून. शेजारी जाऊन बसले. ह्यांची नजर माझ्या मनगटांवर गेली आणि टॅब मांडीवरनं खाली सरकला. असा भ्यालेला चेहरा मी ह्यांचा कधी बघितला नव्हता.

"घाल त्या," हे म्हणाले.

"अहो, वाजतात म्हणून..."

"घाल म्हणतो न्हवं! मी हाय अजून."

मी धावत गेले आणि घातल्या. घालताना एक फुटली, बोटाला लागलं. बाहेर आले तर ह्यांनी माझा हात स्वतःच्या हातात घेतला आणि बराच वेळ त्या बांगड्यांवरनं बोट फिरवत बसले. त्या दिवशी खेळ झालाच नाही. आतली बाई दोनदा "चला, सुरू करूया" म्हणाली, मग कंटाळून गप्प बसली.

शिट्टी मागायला मी स्वतः तालमीत गेले. कोचला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती म्हणाली, "काकू, काकांशिवाय पोरी माझं ऐकत नाहीत. वीस वीस मिनिटांचा खेळ ठेवते. दुसरी शिट्टी माझ्या खिशात असू दे. ते अडले तर मी आहेच." हे सगळं मी ह्यांना सांगितलं. वाटलं होतं, दुसऱ्या शिट्टीवरनं मन दुखावेल. पण हे म्हणाले, "चार पंच असतात की मोठ्या मॅचला. त्यात लाज कसली?" आणि गोल किती झाले ते तळहातावर पेनानं लिहायचं, हे ह्यांचं ह्यांनीच ठरवलं.

रविवारी मी मैदानाच्या कडेला फरशीवर बसले. लेक मुद्दाम पुण्याहून आली होती, माझ्या शेजारी. काळा शर्ट जरा सैल झालेला, पण शिट्टी तशीच, कडक. एक पोरगी आपणच पडून फाउल मागत होती, तिला हे म्हणाले, "ऊठ, ऊठ, नाटक शाळेत कर." सगळ्या हसल्या. पहिला गोल झाला, ह्यांनी तळहातावर लिहिलं. दुसरा, तिसरा, लिहिलं. मग चौथा झाला तेव्हा दोन पोरींची जुंपली, हे सोडवायला गेले, आणि लिहायचं राहिलं.

खेळ पुन्हा सुरू करायला हे मध्यभागी आले. तळहात बघितला. गोलांच्या फलकाच्या जागेकडं बघितलं, तो कुणी लावलाच नव्हता. पुन्हा तळहात. सगळ्या मुली थांबल्या होत्या. मग हे वळले आणि सरळ माझ्याकडं बघायला लागले.

दोन-दोन झाले होते. मला माहीत होतं. दोन बोटं नुसती वर केली असती तरी पुरलं असतं, आणि माझा हात उचललासुद्धा गेला होता. लेकीनं ते बघितलं. माझ्या नावावर एक पिवळं आधीच होतं. मी दुसऱ्या हातानं बांगड्या घट्ट दाबून धरल्या, एकही वाजू दिली नाही, आणि तिथं तशीच बसून राहिले.

ह्यांनी माझ्यावरची नजर काढली. दोन्ही कप्तानांना बोटानं जवळ बोलावलं आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "इसरलो, पोरींनो. कितीवर हाय?"

"दोन-दोन, काका," दोघी एकदम म्हणाल्या.

"दोघींनाबी मान्य?"

"मान्य."

ह्यांनी ते तळहातावर नीट लिहून घेतलं, पेन खिशात ठेवलं आणि शिट्टी वाजवली. मी हात सोडला तेव्हा मनगटावर बांगड्यांचे लाल वळ उठले होते.